कात्रीबाईचा प्लेअर

आमच्या शिलाईच्या दुकानात तिला सगळे कात्रीबाई म्हणतात. हातातही कात्री आणि तोंडातही. तेरा वर्षं मी तिच्याकडे काज-बटणं करतेय, त्यामुळे मला बोलायचा हक्क आहे.

तिचे वडील कोट शिवण्यात एक नंबर. घशाचं ऑपरेशन ठरलं, आवाज जाणार हे नक्की झालं, तेव्हा तिनं गाण्यांचा छोटा प्लेअर त्यांच्या तोंडासमोर धरला. "बाबा, कोट कसा बेततात ते सगळं सांगा." बाबा आठवडाभर सांगत होते. मधेमधे झापायचेही. "अगं, खांदा कापतेयस की भोपळा?" हेसुद्धा त्यात आहे. म्हणजे होतं.

पुढे बाबा दुकानात खुर्चीवर बसायचे, काही सांगायचं तर पाटीवर लिहायचे. आणि ही त्यांच्या शेजारी उभी राहून, कानात त्यांचाच आवाज ऐकत कापड कापायची. आधी मला कसंसंच व्हायचं, मग सवय झाली.

धाकटा भाऊ कॉम्प्युटरवाला. प्लेअरबरोबर आलेला प्रोग्राम भिकार आहे म्हणत त्यानं दुकानातल्या कॉम्प्युटरवर दुसऱ्याच कुणाचा तरी बसवला. कॉम्प्युटरच्या यादीत जे असेल तेवढंच प्लेअरमध्ये ठेवायचं, बाकीचं साफ, असा त्या प्रोग्रामचा खाक्या. बाबांचा आवाज थेट प्लेअरमध्येच भरलेला. यादीला त्याचा पत्ताच नाही.

भावानं गाणी भरून प्लेअर तिच्या हातात परत दिला तेव्हा त्यात दोनशे नवी गाणी होती आणि बाबा नव्हते. "जुना झालाय गं ताई, मेमरीच गेली," भाऊ म्हणाला. भावावर हिचा भारी जीव, त्याचं सगळं शिक्षण हिच्या मशीनवर झालेलं. खूप रडली, पण त्याला एका शब्दानं बोलली नाही. कात्रीबाई, आणि बोलली नाही!

तीन महिन्यांनी एका दुपारी ती स्वतःच प्रोग्राम उघडून बसली. केलेल्या प्रत्येक कामाची नोंद त्यात होती. त्या दिवसाची ओळ मीच मोठ्यानं वाचली: यादीत नसलेल्या एकोणीस फायली. पुसायच्या का? उत्तर, हो.

"विचारलं होतं की मेल्याला!" माझ्या तोंडून निघून गेलं.

ती बाबांकडे वळली. "बाबा, तो माझ्याशी खोटं बोलला."

बाबा वर बघेनात. खाली बघतच पाटीवर लिहिलं, "त्यानं मला त्याच दिवशी सांगितलं. ताईला कळू देऊ नको, असं मीच त्याला लिहून दिलं."

मी हातातली सुई कापडात खोचून ठेवली.

"तीन महिने मी रोज तुमच्यासमोर रडत होते, बाबा," ती म्हणाली. आवाज अगदी बारीक.

बाबा बाहीनं पाटी पुसायला गेले. तिनं त्यांचं मनगट धरलं.

"राहू द्या. एवढं तरी पुसू नका."