वाया जाणारा ऑक्सिजन

चाकणला आमच्या कंपनीत खाणींसाठी मोठ्या घुसळणीच्या टाक्या बनतात. चाचणी विभागात मी एकटी इंजिनिअर आणि जोडीला एक फिटरकाका, जवळच्याच गावचे.

एका खाणीने दळलेलं खनिज पाठवलं होतं. त्यातलं सोनं गंधकाच्या दगडात इतकं घट्ट अडकलेलं, की सोनं काढण्याआधी खनिजाच्या पाणी मिसळलेल्या लगद्यात तासन्‌तास ऑक्सिजन सोडून तो दगड पोखरावा लागे. तो ऑक्सिजनच खाणीला परवडत नव्हता. तो कमी करून दाखवायचा होता.

तीन आठवडे मी टाकीत लगदा घुसळणाऱ्या पंख्याचा वेग बदलला, तापमान बदललं. सिलिंडर तितक्याच झपाट्याने रिकामे होत राहिले. साहेब म्हणाले, "जमत नाही असं कळवून टाकू."

मी म्हटलं, "अजून दोन आठवडे द्या, सर." देताना त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. ते मला लागलं.

काका टाकीत डोकावत होते. म्हणाले, "मॅडम, ह्या काळ्या चिखलात काय बी दिसत न्हाई. एकदा साध्या पान्यात बघू की."

त्यांनी दोन दिवसांत ॲक्रिलिकची पारदर्शक टाकी जोडली. पाणी भरून वायू सोडला आणि मला माझीच चूक दिसली. तळाशी वायू सोडणारी कड्यासारखी गोल नळी मी पंख्यापेक्षा रुंद ठेवली होती. मोठाले बुडबुडे पात्यांना न शिवता कडेकडेने वर येऊन फुटत होते. म्हणजे ऑक्सिजन कामाला लागण्याआधीच निघून जात होता.

आम्ही नळी लहान करून पात्यांच्या बरोबर खाली बसवली. पाण्यात बुडबुडे दुधासारखे बारीक झाले. लगद्यात मात्र तासाभरात नळीची भोकं बुजली. मी वायू बंद करून नळी बाहेर काढली.

"भोकं खालच्या अंगाला पाडू," काका म्हणाले. "मग गाळ आत बसनार न्हाई."

नळी पुन्हा केली. या वेळी सकाळी लावलेला सिलिंडर शिफ्ट संपेपर्यंत पुरला. आधी तो जेवणाच्या सुट्टीआधीच बदलावा लागे. सोनं कमी तर सुटलं नाही ना, या धास्तीत प्रयोगशाळेचा अहवाल येईपर्यंत चार दिवस काढले. सोनं पहिल्याइतकंच सुटलं होतं.

आमची चाचणीची टाकी लहान, खाणीच्या मोठ्या टाकीत एवढी बचत होईलच असं नाही, हेही मी अहवालात लिहिलं. नळीच्या रेखाचित्राखाली माझ्या नावाशेजारी काकांचं नाव घातलं. साहेबांनी ते वाचलं, सही केली, आणि मोठ्या टाकीचं काम आमच्याकडेच दिलं.