माहेराला रडणारी गाय

लग्नात मला आंदण म्हणून गाय मिळाली. नवापूरकडून तापीकाठच्या सासरी आम्ही दोघी आलो; मी बैलगाडीत, ती गाडीमागे. नवरा सुरतेला शिकायला. घरात सासू-सासरे होते, पण माझं बोलणं सगळं गायीशी. गोठ्यात बसून मी तिला सासूबाईंच्या कागाळ्या सांगे. ऐकून घेण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं.

साठ सालानंतरची गोष्ट. एका उन्हाळ्यात तिचा एक डोळा बाहेर येऊ लागला, त्यातून पाणी वाहे. मानेशी गाठी आल्या, चारा सुटला. घरचे काळजीत, आणि मी शहाणी मनातून खूश! गाय माहेराच्या आठवणीनं रडते, हे माझं निदान. अखाजी जवळ आलेली. आमच्याकडे लेकी त्या सणाला माहेरी जातात, झोक्यावर गातात. सासूबाईंचा पाय मोडलेला, म्हणून मला जायला मिळणार नव्हतं. मी पदर सावरून त्यांना म्हणाले, गायीला माहेरी धाडा, बरी होईल.

"आनि तिन्हा संगे कोन जाई वं?"

"मीच जासू. ती दुसरा कोनले वळखत नही."

सासूबाई हसता हसता पाय धरून कळवळल्या. "आजारी पडी गाय, नि माहेर जाई सून!"

शहाद्याहून गुरांचा डॉक्टर सायकलवर आला. त्यानं गाठी चाचपल्या. "रक्ताचा रोग आहे. डोळ्यामागंही गाठ असणार. इलाज नाही."

"पण ती रडते ना?" मी विचारलं. बिचारा सायकलला टांग मारून निघाला.

फार पुढे दुसऱ्या एका डॉक्टरांकडून कळलं, की एक विषाणू गुरांच्या पांढऱ्या पेशींत शिरतो तो जन्मभर तिथंच राहतो. बहुतेक गायींना काही होत नाही, एखादीलाच गाठी येतात. वासराला तो आईपासूनही मिळतो. म्हणजे रोग बहुधा माहेरचाच, आणि मी बाई त्यावर माहेराचंच औषध काढलं होतं!

अखाजीआधीच ती गेली. रिकाम्या गोठ्यात मी नुसती बसून होते. सासूबाई काठी टेकत दाराशी आल्या. "जाय, माहेर जाई ये. भाकरी मी थापी लिसू."

पोचले तेव्हा आई आमच्या म्हाताऱ्या गायीची, माझ्या गायीच्या आईची, धार काढत होती. मागं न वळता तिनं विचारलं, "तुन्ही गाय कशी शे?"

"मस्त शे," मी म्हणाले.

झोक्यावरून मैत्रिणी हाका मारत राहिल्या. मी म्हातारीच्या मानेवरून हात फिरवत होते, कुठे गाठ लागते का बघत.