त्याची वाक्यं

माझ्या नवऱ्याची वाक्यं मी पूर्ण करायचे. लग्नाला बावीस वर्षं झाली, त्यातली बहुतेक सगळी अशीच गेली. तो नागपूरचा, मुळात सावकाश बोलणारा. मी पुण्याची, आणि मला थांबणं कधी जमलंच नाही. त्याने "आपण शनिवारी..." म्हटलं की मी "टायर बदलायला जाऊ" म्हणून मोकळी. पुष्कळदा ते बरोबरही असायचं. इथे अमेरिकेत, ट्रॉय गावातल्या आमच्या मित्रमंडळींत यावरून चेष्टा चालायची. एका काकांनी तर त्याला विचारलं होतं, की बाबा रे, तुझा स्वतःचा आवाज कसा आहे? तोही हसला होता. मला त्यात वाईट सवय म्हणण्यासारखं काही दिसलं नाही. उलट वाटायचं, आम्हाला एकमेकांचं मन किती नीट कळतं.

मागच्या फेब्रुवारीत एका सकाळी तो घरासमोरच्या ड्राइव्हवेवरचा बर्फ काढून आत आला आणि बूट काढता काढता मला काहीतरी म्हणाला. ते शब्द मराठीही नव्हते आणि इंग्रजीही नव्हते. उजव्या हातातला ग्लव्ह त्याला निघेना. मी लगेच ९११ला फोन करून अ‍ॅम्ब्युलन्स बोलावली. पक्षाघाताचा झटका आहे, पण वेळेत पोचलात, असं हॉस्पिटलमध्ये डॉक्टर पुन्हा पुन्हा सांगत होते. आठ दिवसांनी तो घरी आला तेव्हा चालत आला. बोटं जराशी जड राहिली होती. समोरच्याचं बोलणं सगळं समजत होतं, पण शब्द सापडत नव्हते. चमचा हातात असायचा आणि 'चमचा' यायचा नाही.

मग आठवड्यातून दोनदा स्पीच थेरपी सुरू झाली. थेरपिस्ट साठीच्या आसपासची अमेरिकन बाई होती, पांढऱ्या केसांची, हळू आवाजात बोलणारी. पहिल्याच दिवशी तिने त्याला विचारलं, सकाळी काय खाल्लंत? मी सांगितलं, उपमा. काम काय करता? मी सांगितलं, गाड्यांच्या सीट डिझाइन करतो. तिसरा प्रश्न विचारण्याआधी तिने पेन खाली ठेवलं आणि खुर्ची माझ्याकडे वळवली.

"तुम्हाला उत्तर माहीत आहे, हे मला दिसतंय," ती म्हणाली. "पण शोधायचं काम त्यांचं आहे. तुम्ही शब्द हातात दिलात की ते शोधणं सोडून देतात."

तिचा स्वर रागाचा नव्हता, म्हणूनच मला जास्त लागलं. तिने घरी मराठीतच बोलायला सांगितलं आणि तो अडकला की मनात दहापर्यंत मोजायला सांगितलं.

घरी मी मोजायला लागले. चारवर यायचे आणि शब्द तोंडातून निसटायचा. दिवसातून वीस वेळा ठरवायचे आणि वीस वेळा मोडायचे. त्याच्या भावाचा फोन आला तेव्हा तर अख्खं संभाषण मीच केलं, आणि तो शेजारी बसून रिमोटची बटणं बघत राहिला. पुढच्या खेपेला मी थेरपिस्टपुढे कबूल केलं की हे माझ्याच्याने होत नाही. ती म्हणाली, नुसतं थांबू नका, बोलायच्या जागी दुसरं काहीतरी करा.

मला चहा सुचला. तो बोलायला लागला की एक घोट घ्यायचा आणि तोंडात धरून ठेवायचा. तोंड भरलेलं असलं की बोलताच येत नाही. चहा नसेल तेव्हा पाणी. सोफ्याशेजारी, गाडीत, ओट्यावर, जिथे तिथे पाण्याच्या बाटल्या झाल्या. मुलगी कॉलेजमधून सुट्टीला घरी आली, तिने मला गाल फुगवून बसलेलं पाहिलं आणि म्हणाली, "आई, व्हाय डू यू लुक लाइक अ हॅमस्टर?" गालात दाणे कोंबलेल्या उंदरासारखी दिसत असणार मी. आजारपणानंतर नवरा पहिल्यांदा पोटभर हसला तो तेव्हा.

मार्च संपत आला होता. आम्ही दोघंच जेवायला बसलो होतो, साधा वरणभात होता. तो म्हणाला, "मला... वरणात..."

मी पाण्याचा घोट घेतला. मीठ, लिंबू, तूप, तिन्ही शब्द माझ्यापाशी तयार होते. तो ताटाच्या कडेवरून बोट फिरवत होता.

"गूळ," तो म्हणाला.

मी डबा आणायला उठले. तो मान हलवत राहिला, तशी परत बसले आणि परत घोट घेतला.

"गूळ... नको."

"आज नको?"

"कधीच... नको होता."

आमच्या घरी वरणात गुळाचा खडा पडतोच. माझ्या आईच्या हातचं तसंच, म्हणून माझंही तसंच. बावीस वर्षं तो ते निमूटपणे जेवला होता. मी त्याला विचारलं, मग इतक्या वर्षांत सांगितलं का नाहीस? यावेळी मला घोट घ्यायची आठवण राहिली नाही, तरी मी गप्प बसले. तो शब्द शोधत होता आणि त्याच्या चेहऱ्यावर कसली तक्रार नव्हती.

"सुरुवात... केली होती," तो म्हणाला.

किती वाक्यांची अशी सुरुवात झाली असेल आणि शेवट मी माझ्या मनाने करून टाकला असेल, याचा हिशेब लागण्यासारखा नव्हता. मी त्याला म्हटलं, आणखी असेल तेही सांग, सवडीने सांग. पुढच्या काही आठवड्यांत त्याने सांगितलं. बहुतेक गोष्टी लहानसहान होत्या. एक लहान नव्हती. हे मोठं घर घ्यायचं त्याच्या मनात नव्हतं, ऑफिसजवळचं अपार्टमेंट त्याला आवडायचं. त्यावर आम्ही दोन दिवस बोललो, म्हणजे तो बोलला आणि मी पाणी प्यायले. घर काही आम्ही विकलं नाही, पण निदान तो प्रश्न एकदा दोघांच्या मधे ठेवला गेला.

सप्टेंबरपासून तो पुन्हा ऑफिसला जाऊ लागला, आधी अर्धा दिवस, मग पूर्ण. दमला की अजूनही त्याचे शब्द एकमेकांत मिसळतात. वरणात आता गूळ नसतो, मला हवा असला तर मी माझ्या वाटीत घालून घेते. माझी सवय बरीचशी गेली, पण घाई असली की वर येते.

गेल्याच आठवड्यात आम्ही त्याचं लायसन्स रिन्यू करायला गेलो होतो. काउंटरवरच्या माणसाने पत्ता विचारला. नवऱ्याने घराचा नंबर सांगितला आणि तो रस्त्याच्या नावापाशी अडला. मागे रांग होती. उरलेला पत्ता, पिनकोडसारखा इथला झिपकोडही, मी सांगून टाकला.

येताना गाडी मी चालवत होते. सिग्नलला थांबल्यावर मी म्हटलं, "आज मी मध्ये बोलले."

त्याने मान डोलावली. सिग्नल हिरवा झाला, आम्ही बरंच पुढे आलो, तेव्हा त्याचं वाक्य सुरू झालं.

"ते... चालेल," तो म्हणाला. "पण झिपकोड... चुकीचा सांगितलास."

मी पुढच्या चौकातून गाडी मागे वळवली.