बाइंडिंगखान्यातली पाहुणी

आमच्या बाइंडिंगखान्यात तिला सगळे पाहुणी म्हणतात. शाळेच्या पुस्तकांची मोठी ऑर्डर आली होती, मेटाकुटीला आलो होतो, तेव्हा आठवडाभर मदतीला म्हणून तिला बोलावलं. ऑर्डर गेली, पाहुणी राहिली. तिच्यानंतर आलेल्या पोरी इथे मोठ्या झाल्या, संसाराला लागल्या, कितीतरी सोडूनही गेल्या. त्यांना कोणी कधी पाहुणी म्हटलं नाही. हिचे केस पिकले तरी सकाळी कामं वाटताना मालक सगळ्यांत शेवटी विचारणार, "पाहुणी, तुम्ही काय करता?" आणि ती म्हणणार, "काहीही द्या."

हे 'काहीही द्या' मला पहिल्यापासून खटकायचं. मी शिलाईच्या मशिनवर असते. माझं मशीन, माझी खुर्ची, माझी खिडकी. कोणी खुर्ची इंचभर सरकवली तरी मी दुपारपर्यंत बोलून घेते. माझ्या तोंडाला लागायची इथे कोणाची टाप नाही. आणि ही बाई इतकी वर्षं स्टुलावर बसून घड्या घालते, ते स्टूलही कोणी मागितलं की उठून देते आणि कागदाच्या गठ्ठ्यावर टेकते. मी म्हणायचे, "अगं, बस की हक्काने." ती म्हणायची, "असू दे हो ताई. काय फरक पडतो?"

घड्या म्हणजे काय ते सांगते. छापखान्यातून मोठाले कागद येतात, एका कागदावर सोळा पानं. त्याची नीट घडी घातली की एक फर्मा झाला. असे सगळे फर्मे क्रमाने एकावर एक जुळवायचे, मी ते शिवायचे, मग पाठीला सरस, वर कव्हर, आणि झालं पुस्तक. पाहुणीने आयुष्यभर घड्याच घातल्या. तिच्या दोन्ही अंगठ्यांचे सांधे सुजलेले असतात. सकाळी ती चहाचा कप दोन्ही हातांच्या तळव्यांत धरते, बोटांनी धरवत नाही.

घरी भाऊ, वहिनी आणि भाचा. नवऱ्याचं घर तिने लग्नानंतर वर्षभरात सोडलं. का सोडलं, ते तिने सांगितलं नाही आणि मी, चक्क मी, कधी विचारलं नाही. भावाकडे मागच्या बाजूला इस्त्रीचं टेबल असलेली खोली आहे, तिथे तिची कॉट आणि एक कपाट. एकदा मी वहिनीच्या नावाने बोटं मोडायला लागले तर तिनेच मला थांबवलं. "वहिनी वाईट नाही हो. चहा झाला की पहिला कप मला देते. खुर्ची पुढे करते. काम करू देत नाही. वाईट असती तर भांडता तरी आलं असतं."

पहिल्या दिवशी पाहुणा, दुसऱ्या दिवशी पै, तिसऱ्या दिवशी राही त्याची अक्कल जाई, असं म्हणतात. ही बाई पहिल्याच दिवसात अडकून पडली होती. अख्खा जन्म पहिला दिवस!

आमच्याकडे एक रीत आहे. घड्या घालताना एकीने वाचायचं आणि तिच्या वाटणीच्या घड्या बाकीच्यांनी घालायच्या. गोष्टीचं पुस्तक असलं की कामाचा शीण जरा कमी होतो. पण यात एक गोम आहे. छापखाना आपल्या सोयीने छापतो. कधी मधला फर्मा आधी येतो, कधी शेवटचा सोडून त्याच्या आधीचा. त्यामुळे आम्हाला गोष्ट कधी सरळ मिळाली नाही. आधी नवरा मरतो, मग लग्न होतं, मग ते भेटतात. मधल्या भोकांत काय झालं असेल, ते पाहुणी सांगायची. हात चालू ठेवून, मान वर न करता. नंतर खरा फर्मा आला की आम्ही ताडून बघायचो. पुष्कळदा तिचंच बरं असायचं.

गेल्या वर्षी एक जाडजूड कादंबरी आली, पंधरा-सोळा वर्षांच्या मुलामुलींसाठी. जादूची, राजवाड्यांची. मी तोंड वाकडं केलं. मला अशा गोष्टी झेपत नाहीत. माणसं हवेत उडायला लागली की मला जांभया येतात. पण ही जरा वेगळी निघाली. त्यातल्या गावात दारं माणसांना ओळखत असतात. आपलं माणूस आलं की दार आपोआप उघडतं. आणि त्या गावात एक पोर येते, कुठून ते कोणालाच माहीत नाही. तिच्यासाठी एकही दार उघडत नाही. कोणीतरी आतून उठून उघडेपर्यंत तिने बाहेर उभं राहायचं. पावसातसुद्धा.

पहिला फर्मा नशिबाने पहिलाच आला होता. त्याच्या पहिल्याच ओळीत ती पोर एका दारापुढे उभी राहून विचारते, "कोणी आहे का?" वाचणारी पोरगी नाटकी आवाज काढून वाचत होती, सगळ्या हसत होत्या. पाहुणी हसली नाही. तिची घडी वाकडी गेली, ती तिने मोडून परत घातली.

मग फर्मे येत राहिले, उलटसुलट. पोर कधी डोंगरात, कधी कैदेत, कधी एका म्हाताऱ्या कुलुपवाल्याच्या झोपडीत. दूर कुठेतरी एक बंद नगर आहे आणि त्याच्या महाद्वाराची काहीतरी भविष्यवाणी आहे, एवढं कळलं. शेवटचा फर्मा काही येईना. छापखान्यात कागद संपला होता. आमच्यात पैजा लागल्या. सगळ्या म्हणाल्या, राणी होणार. पाहुणीला विचारलं.

"राणीच करतील," ती म्हणाली. "लिहिणाऱ्यांना दुसरं काय सुचतं? पण तिला राज्य नको असेल. तिला आपलं एक साधं दार हवंय. बाहेरून यावं, आत शिरावं आणि आतून लावून घ्यावं, एवढंच."

"ह्यॅ! एवढ्यासाठी एवढं जाड पुस्तक?" वाचणारी पोरगी म्हणाली.

त्याच आठवड्यात पाहुणीने मला सांगितलं की भाच्याचं लग्न ठरलंय. छान मुलगी आहे म्हणाली, शिकलेली आहे. मी विचारलं, "आणि खोली?" भावाच्या घरात खोल्या किती ते मला ठाऊक होतं. ती म्हणाली, "त्यांनाच लागणार ना. मला कोणी जा म्हणालेलं नाही. दिवाणखान्यात झोप म्हणतायत." मग म्हणाली, "दिवाणखान्यात कोण झोपतं, ताई? पाहुणे."

मला राग आला. कोणावर ते कळेना, म्हणून मी माझी खुर्ची हलवणाऱ्या एका पोरीवर काढला.

अखेर शेवटचा फर्मा आला. वाचला. महाद्वारापुढे पोर उभी राहते, आणि ते महाद्वार म्हणे फक्त अशाच माणसासाठी उघडणार असतं, ज्याला जगातल्या दुसऱ्या कुठल्याच दाराने ओळखलेलं नाही. दार उघडतं, कर्णे वाजतात, मुकुट येतो. समाप्त. पोरींनी टाळ्या वाजवल्या. एकीने डोळेही पुसले.

पाहुणी म्हणाली, "दार फार मोठं दिलंय. आत गेल्यावर झोपायचं कुठे, ते नाही लिहिलं."

दुसऱ्या दिवशी जुळणी. लांब टेबलावर फर्म्यांचे ढीग ओळीने मांडायचे आणि बाजूने चालत एकेक उचलत जायचं. ढीग मांडायचं काम पाहुणीचंच, कारण तिच्या हातून ते कधी चुकत नाही. पोरींनी भराभर जुळवलं, तयार थप्प्या माझ्याकडे आल्या. मी पहिलं पुस्तक शिवायला घेतलं आणि थांबले. प्रत्येक फर्म्याच्या घडीवर एक छोटी काळी खूण असते. क्रम बरोबर असला की त्या खुणा पुस्तकाच्या पाठीवर जिन्याच्या पायऱ्यांसारख्या खाली उतरत जातात. इथे शेवटची पायरी उतरायच्या ऐवजी पार वर जाऊन बसली होती. दुसरं पाहिलं, तेच. अख्खी थप्पी तशीच. शेवटच्या फर्म्याच्या जागी पुन्हा पहिला फर्मा. खरा शेवटचा गठ्ठा टेबलाखाली दोरीसकट पडलेला.

मी पाहुणीला हाक मारली. तोंडात शिव्या तयार होत्या, खोटं कशाला बोलू? ती आली, तिने पाठ पाहिली, मग शेवटचा फर्मा उघडला. कोणी आहे का? ती ओळ तिने मनातल्या मनात वाचली असावी, ओठ हलले. आणि ती त्या न उघडलेल्या गठ्ठ्यावरच बसली.

"ताई, मी दमले हो," ती म्हणाली.

इतक्या वर्षांत हे वाक्य मी तिच्या तोंडून ऐकलं नव्हतं. आम्ही सगळ्या दिवसातून दहादा म्हणतो. आम्हाला घरी जाऊन पाय पसरायचे असतात म्हणून म्हणतो.

"काल भाच्याने माझं कपाट बाहेर काढलं. खोलीला रंग द्यायचाय. मला म्हणाला, 'आत्या, हे कुठे ठेवायचं ते सांग.' चांगलं विचारलं त्याने. मला सांगताच येईना. मी आपली उभी."

मालक आले. त्यांनी थप्प्या पाहिल्या, कपाळावर हात मारला. ओरडले मात्र नाहीत. ओरडायला अंगात ताकद लागते आणि त्या हंगामात ती कोणातच उरली नव्हती. स्टूल ओढून तेही फर्मे काढायला बसले. एकेका पुस्तकातून सुरुवात उपटायची आणि शेवट घालायचा. दुपार त्यातच गेली. कोणी वाचलं नाही.

पाहुणी माझ्या शेजारी होती. मी म्हटलं, "कपाट माझ्याकडे ठेव."

"कपाट?"

"कपाट आणि तूही. दोन खोल्या आहेत. एकीत मी आणि एकीत रद्दी. रद्दीला कधी ना कधी हाकलायचंच आहे."

"नको. तुमच्याकडे येऊन पुन्हा पाहुणीच व्हायचं ना?"

"मग काय, कर्णे वाजायची वाट बघणार आहेस?"

यावर ती हसली. बघते म्हणाली. तिचं 'बघते' म्हणजे 'नाही' हे मला ठाऊक होतं, म्हणून मी सुट्टीच्या दिवशी टेम्पोच घेऊन गेले. भाऊ, वहिनी दारापर्यंत आले. वहिनी रडली, खरी रडली. भाच्याने कपाट चढवलं आणि "आत्या, येत जा हं" म्हणाला. तेही पाहुण्यालाच म्हणतात.

माझ्याकडे आली खरी, पण आली ती पाहुणी होऊनच. दिवा लावू का, विचारायची. माझ्या कपातून चहा घ्यायची नाही. आपला एक कप आणला होता, तो धुऊन पिशवीत ठेवायची. पिशवीत! चादरीची घडी अशी, की रात्री इथे कोणी झोपलं होतं हे पोलिसांनाही कळू नये. कपाटाचं दार उघडताना माझ्याकडे बघायची. मी आधी समजावलं, मग चिडले, मग मुद्दाम ओला टॉवेल तिच्या कॉटवर टाकायला लागले. ती तो उचलून वाळत घालायची. मी भाजीत मीठ दुप्पट घातलं, तिने मुकाट खाल्लं. माझ्यासारख्या भांडखोर बाईवर याहून वाईट पाळी कोणती? रोज संध्याकाळी आम्ही दोघी दमून यायचो आणि दोन पाहुण्यांसारख्या एकमेकींना "तुम्ही आधी" म्हणत बसायचो. तिला आणून मी चूक केली, ती बरोबर म्हणत होती, असं मला वाटायला लागलं होतं. वाईट वाटायचं. फार वाईट वाटायचं.

मग एक दिवस मी कामावरून लवकर आले. गॅसवर दूध ठेवलं, शेजारणीने हाक मारली म्हणून दार उघडंच टाकून तिच्याकडे गेले आणि तिच्या सुनेच्या गाऱ्हाण्यांत रमले. हे खरंच मुद्दाम नव्हतं. परत आले तर पाहुणी आधीच पोचलेली. दूध उतू जाऊन खाली ओघळलेलं, पातेलं करपलेलं, आणि उघड्या दारातून आलेलं कोणाचं तरी मांजर तिच्या कॉटवर बसून पाय चाटत होतं. पाहुणी हातात फडकं घेऊन मधोमध उभी. अंगठे सुजलेले, चेहरा दिवसभराच्या कामाने उतरलेला.

"ताई!" ती ओरडली. तिला इतका मोठा आवाज आहे हे मला माहीतच नव्हतं. "दार सताड उघडं टाकून कुठे उंडारत होतीस? गॅस चालू, मांजरं आत! कालच सगळं घासून ठेवलं होतं मी! हे घर आहे की धर्मशाळा?"

आणि थांबली. फडकं तिच्या हातातच राहिलं.

माझ्याकडे उत्तरं नव्हती असं नाही. चार-पाच तर जिभेवरच होती, सगळी तिखट. पण डोळ्यांतलं पाणी तिला दिसायला नको होतं. मी मांजराला बाहेर काढलं आणि दार आतून लावून घेतलं.