मोठे एक, लहान दोन

ती एका दवाखान्यात एक्स-रे काढायची. तळमजल्यावरची बिनखिडकीची खोली, जड दार, थंडगार टेबल. "श्वास घ्या, रोखून धरा, हलू नका... हं, सोडा," हे ती दिवसभर इतक्यांदा म्हणायची, की घरी दूध वर येताना दिसलं तरी तिच्या तोंडून "हलू नका" निघून जायचं आणि मग एकटीच हसायची. घर म्हणजे एक खोली आणि खोलीएवढंच स्वयंपाकघर. चाळिशी जवळ आली तशी नातेवाइकांनी स्थळं सुचवणं बंद केलं. तिलाही हायसं वाटलं.

अशात दवाखान्याची लिफ्ट बिघडली. दुरुस्तीला आलेला लिफ्टवाला मोठा बोलघेवडा. बायको आजारपणात गेलेली, पदरात दोन मुलं. लिफ्ट सुरू झाली तरी हा काही ना काही निमित्त काढून तळमजल्यावर यायचा. "बाई, चौथ्या मजल्यावर खडखड ऐकू येते म्हणतात. तुम्हाला येते का हो?" तळमजल्यावरच्या बंद खोलीत चौथ्या मजल्याची खडखड कशी ऐकू येणार? पण ती म्हणाली, "येते की!" तिथून जुळलं.

लग्न चार माणसांत झालं. तिने आपलं कपाट, शिलाई मशीन आणि कुंड्या घेऊन त्याच्या घरात पाऊल टाकलं.

मुलगी आठ वर्षांची. धाकटा तिला ताई म्हणायचा, म्हणून सगळेच ताई म्हणत. धाकटा पाच वर्षांचा, गट्टू. मुलं गुणी होती, त्रास असा काडीचाही दिला नाही. फक्त ताई तिला कशानेच हाक मारायची नाही. आई नाही, मावशी नाही, काकूही नाही. 'तू' म्हणावं तर जवळचं होतं, 'तुम्ही' म्हणावं तर बाबा रागावतात. म्हणून तिने तिसरीच वाट काढली होती. "डब्यात आज काय असणार आहे?" "वेणी घालायची राहिलीये." "पावडरचा डबा सापडत नाहीये." सगळं काम व्हायचं आणि वाक्यात माणूस यायचं नाही. एवढ्याशा पोरीचं ते व्याकरण पाहून तिला आधी कौतुक वाटलं. मग कौतुक वाटेनासं झालं.

एका रविवारी लिफ्टवाल्याने जाहीर केलं, "चला, पिझ्झा आणि गेम!"

मुलं उड्या मारायला लागली. ती जागा तिला ऐकून माहीत होती. एकदा पैसे भरले की पोटभर पिझ्झा आणि मागच्या बाजूला गेमचा मोठा हॉल. आईबरोबर मुलं तिथे नेहमी जात. आई गेल्यावर बाबा दोनतीनदा घेऊन गेले होते, नंतर तेही राहिलं.

दारात पोचल्यावर कळलं की गट्टूच्या पायात मोजे नाहीत. मोज्यांशिवाय खेळायला सोडत नाहीत. मोजे गाडीत, गाडी पार पलीकडच्या टोकाला. "थांबा, मी आणते," म्हणून ती परत फिरली. सीटखाली हात घालून घालून एक निळा आणि एक पिवळा असे दोन मोजे तिला मिळाले. ते घेऊन ती धापा टाकत आली, तेव्हा तिघं आत पोचले होते. लिफ्टवाला आतून हात करत होता, म्हणून दारावरच्या बाईने तिला तसंच आत सोडलं.

आत एवढा गोंगाट की शेजारच्याचं बोलणं कळेना. पिझ्झाच्या टेबलाभोवती माणसांचं कडं. ती ताटल्या घेऊन रांगेत उभी राहिली, आणि प्रत्येक वेळी तिचा नंबर येईतो साधा चीजवाला संपायचा. शेवटी मिळेल ते घेऊन आली. गट्टूने तुकडा उचलला, ढोबळी मिरची पाहिली, आणि ओठ काढला.

"गट्टू साधाच खातो," ताई ताटलीकडे बघत म्हणाली. "कडा काढून. आई पुढे जाऊन पिझ्झावाल्या काकांना सांगायची, मग ते वेगळा आणून द्यायचे."

मग ताईच्या सांगण्याप्रमाणे ती पुढे जाऊन त्या काकांना सांगून आली. साधा आला. तिने कडा काढल्या, आणि काढलेल्या कडा उभ्याउभ्याच खाल्ल्या. स्वतःसाठी ताटली घ्यायची तर पुन्हा रांग होती. खुर्ची सोडली की कुणीतरी 'इथे कुणी आहे का?' म्हणत ओढून न्यायचं. असू दे, नंतर बघू, असं करत राहिलं ते राहिलंच.

तेवढ्यात लिफ्टवाल्याचा फोन वाजला. कुठल्यातरी इमारतीत लिफ्ट दोन मजल्यांमध्ये अडकली होती, आत माणसं होती. रविवारची पाळी नेमकी त्याची.

"अगं, मला जायलाच हवं. तू आहेस ना?"

"अहो जा, आहे मी."

तो गेला. मुलं गेमच्या हॉलमध्ये पळाली, आणि ती पिशव्या, पाण्याच्या बाटल्या, गट्टूचं जाकीट मांडीवर घेऊन बसली. समोर एक कुटुंब होतं. बापाच्या नाकाला सॉस लागला होता आणि सगळे त्याला न सांगता हसत होते. तिला वाटलं, आपल्यालाही कुणी असं हसलं असतं तर बरं वाटलं असतं. चार वेळा तिने उगाचच स्वतःचं नाक पुसलं.

मुलं खेळून दमली. गेममध्ये मिळालेल्या तिकिटांवर ताईने गट्टूसाठी रबराचा बेडूक घेतला, बाबांसाठी किल्ल्यांची साखळी, आणि उरलेल्यांत स्वतःला एक खोडरबर. "चला, निघू या," म्हणत तिने दोघांना दाराशी आणलं.

दारावरची बाई आता बदलली होती. ही वयस्क, चष्मा गळ्यात अडकवलेली. तिने मुलांच्या मनगटावर आत येताना बांधलेल्या नंबरच्या कागदी पट्ट्या पाहिल्या, आणि मग हिच्याकडे वळली. "तुमची पट्टी?"

"माझी? मला नाही दिली."

"ज्यांच्या हाताला हाच नंबर आहे, त्यांच्याबरोबरच मुलं सोडते मी. नियम आहे." बाईने वहीत पाहिलं. "इथे मोठे एक, लहान दोन असं लिहिलंय."

तिला आधी समजलंच नाही. "नाही हो, आम्ही चौघं आलो. मी मोजे आणायला गेले होते."

"विचारून लिहितो आम्ही. मोठे किती म्हटलं, त्यांनी सांगितलं एक." बाई ताईसमोर वाकली. आवाज एकदम मऊ झाला. "बाळ, या कोण तुझ्या?"

ताईने मोठा श्वास घेतला. तिला उत्तर येत होतं, पण त्याला शब्द कुठला लावायचा हे ठरत नव्हतं. "बाबांच्या... बाबांची बायको आहेत."

"म्हणजे आई?"

"नाही."

"ही आमच्याकडे राहते," गट्टूने मदत केली.

"राहते म्हणजे?"

"म्हणजे हिचं कपाट आहे आमच्या घरी." तो थोडा विचार करून म्हणाला, "आणि कुंड्या."

मागे रांगेत कुणीतरी फिसकन हसलं. दारावरची बाई मात्र हसली नाही. "माफ करा, पण मी काय समजू? उद्या काही झालं तर मला विचारतील. वडिलांना बोलवा."

तिने फोन लावला. लिफ्टच्या खड्ड्यात उतरल्यावर त्याचा फोन कधीच लागत नसे. तिने पुन्हा लावला. तिच्या पर्समध्ये दवाखान्याचं ओळखपत्र होतं, ते दाखवलं. त्यावर तिचं माहेरचंच आडनाव होतं, बदलायचं राहून गेलं होतं. बाईने ते वाचून परत दिलं.

मग तिघं दाराशेजारच्या बाकावर बसली. गट्टू मध्ये, ताई पलीकडच्या टोकाला. पिझ्झाची टेबलं आवरली गेली, संध्याकाळच्या वाढदिवसांसाठी फुगे आले. ये-जा करणारे बाकाकडे बघून जात. एरवी रोज अनोळखी माणसं तिच्या एका शब्दावर श्वास रोखून उभी राहायची. इथे दोन मुलांना घेऊन एक दार ओलांडता येत नव्हतं. एकटीच्या खोलीत तिला कुणी मोजत नसे, पण मग मोजायला विसरतही नसे. हे तिच्या मनात आलं, आणि आपल्याला असं वाटतंय याचीच तिला लाज वाटली. गट्टूला झोप आली. तो तिच्या दंडावर कलंडला, मग डोळे उघडून तिच्याकडे पाहिलं, आणि ताईच्या बाजूला सरकला.

लिफ्टवाला आला तो ग्रीसने काळ्या हातांनी, हसत. "काय गं, फोनवर फोन?"

दारावरच्या बाईने त्याचं मनगट पाहिलं. तिथेही पट्टी नव्हती. "लिफ्टच्या दोरात अडकत होती हो, कापून टाकली," तो म्हणाला. बाईने कपाळाला हात लावला, वहीतला फोन नंबर त्याच्याकडून वदवून घेतला, आणि चांगलं खडसावून सगळ्यांना सोडलं.

पार्किंगमध्ये त्याला सगळं कळलं. "अरेच्चा! अगं, सवयीने एक म्हणून गेलो मी. दोन वर्षं सगळीकडे तेच सांगत आलोय ना." आणि तो मनापासून हसला, कारण त्याला खरंच ते गमतीचं वाटलं होतं.

"असू दे," ती म्हणाली.

गाडीत तो अडकलेल्या लिफ्टची गोष्ट सांगत राहिला. आत एक म्हातारं जोडपं होतं, आणि लिफ्ट कुणामुळे अडकली यावरून त्यांचं भांडण जुंपलेलं. दार उघडलं तरी आजोबा म्हणाले, थांबा, आधी हिला कबूल करू दे. मुलं खिदळत होती. तीही हसली. काच अर्धी खाली होती, वारा येत होता, आणि बाहेरची दुकानं एकामागून एक दिवे लावत होती.

घरी आल्यावर त्याने हात धुता धुता विचारलं, "रागावलीस का?"

"नाही हो. दमलेय."

पुढे तो कुठेही गेला की 'मोठे दोन' असं जरा जास्तच मोठ्याने सांगायचा आणि वळून तिच्याकडे बघायचा. ते तिला आवडायचं, आणि थोडं टोचायचंही. ताईचं व्याकरण बरीच वर्षं तसंच राहिलं.

पण त्या संध्याकाळी तो गट्टूला आंघोळ घालत होता, आणि ती स्वयंपाकघरात ओट्याशी उभी राहून दुधात ब्रेड बुडवून खात होती. ताई पाणी प्यायला आली. ग्लास भरून घेतला तरी गेली नाही.

"तिथे काही खाल्लं नाही?"

"राहून गेलं."

ताईने पाणी संपवलं. मग ब्रेडच्या पाकिटातून एक स्लाइस काढला, कपात थोडं दूध ओतून घेतलं आणि टेबलाशी बसली. तीही खुर्ची ओढून समोर बसली. दोघींनी खाल्लं. न्हाणीघरातून गट्टूचा आरडाओरडा येत होता, डोळ्यांत साबण गेला होता.

"त्या बाई उगाचच तसं करत होत्या," ताई कपात बघत म्हणाली.

"त्यांचं कामच ते."

"तरी," ताई म्हणाली. कप सिंकमध्ये ठेवून ती दप्तर भरायला गेली. इकडे हिने ओट्यावर सांडलेलं दूध पुसलं, आणि उद्याच्या डब्याला काय करायचं ते बघायला फ्रिज उघडला.