परत पाठवलेल्या तलवारी

सुश्रुतला मुलगी कोण देणार, हा घोर प्रमोदिनीबाईंची पाठ सोडत नव्हता. हिंदी मुलखातल्या पंचगंगा घाटाजवळच्या गल्लीतलं मराठी भिक्षुकाचं घर, मुलगा इतिहासात एम.ए., आणि करतो काय, तर शोभेच्या स्वस्त तलवारी दुरुस्त. नाटकवाले, रामलीलावाले, घोडीवर बसणारे नवरदेव, सगळ्यांचा तोच आधार. पातं चकचकीत असतं, पण मुठीत शिरते ती नुसती बारीक सळई, तीही कशीबशी जोडलेली. सुश्रुत मूठ उघडायचा, सळई कापून रुंद पट्टी वेल्डिंगनं जोडायचा आणि मूठ पुन्हा घट्ट बसवायचा. मग तलवार गल्लीत उभा राहून फिरवायचा. बाई आतून दार लोटून घ्यायच्या.

"आई, बाजारवाली तो एक झटके में निकल जाती है. समोरच्याचा डोळा जाईल."

"तुझ्या आजोबांनी याच घरात वेद शिकवले."

"त्यांच्याकडे वेल्डिंग मशीन कुठे होतं?"

तो हसायचा. बाई नातेवाइकांना सांगायच्या, मुलगा म्युझियमचं काम बघतो.

खंडेनवमीला त्यानं पोथ्यांच्या शेजारी ग्राइंडर आणि हातोडा मांडला, हळदकुंकू वाहिलं. पुजलेल्या हत्यारांना दसऱ्यापर्यंत हात लावायचा नाही, म्हणून तो रामनगरला मित्राकडे गेला. नेमक्या तेव्हाच ओळखीच्या मृणालिनीबाई भाचीची, वैदेहीची पत्रिका सुश्रुतच्या पत्रिकेशी जुळवायला घेऊन आल्या.

"हे कुणाचं हो?" ग्राइंडरकडे बघत त्यांनी विचारलं.

"प्लंबरचं. विसरून गेलाय मेला."

"प्लंबरच्या हत्यारांना कुंकू?"

प्रमोदिनीबाईंनी चहाचा कप पुढे सरकवला. तेवढ्यात दारात उत्सव मंडळाचे गोपीनाथ उभे, काखेत तलवारींचं गाठोडं. उद्या संध्याकाळी बालाजी घाटावर मुलांची तलवारबाजी होती.

"वहिनी, दुकानदारानं आजच माल दिला. माझ्या अंतराची तलवार तर ढोकळ्यात सुरी खोचल्यासारखी हलते. सुश्रुत मुठी पक्क्या करतो म्हणे?"

"काहीतरीच काय! असली कामं नाही करत तो. कुणीतरी चुकीचं सांगितलं तुम्हाला."

गोपीनाथ ओशाळले. "मग चिकटपट्टीच गुंडाळतो," म्हणाले आणि गाठोडं उचलून गेले. मृणालिनीबाईंनी चहा संपवला. पत्रिका मात्र पिशवीतून बाहेर काढली नाही.

दिवेलागणीला बाई बालाजी घाटावर दर्शनाला गेल्या, तर पायऱ्यांवर तालीम चाललेली. गोपीनाथांची अंतरा गिरकी घेत होती, मुठीवर तपकिरी चिकटपट्टी. गिरकीसरशी पातं थरथरलं. तिच्या समोर तिच्याएवढीच मुलं ओळीनं उभी होती. पातं कुठून सुटतं, ते बाईंना घरबसल्या ठाऊक झालं होतं. मान वर करायची हिंमत झाली नाही. दर्शन न घेताच त्या परतल्या.

सुश्रुत आला, हातपाय धुतले, जेवायला बसला. "गोपीनाथकाका आले होते का गं? वाटेत दुकानदार म्हणाला, तलवारी घेऊन त्यांना आपल्याकडे पाठवलंय."

"नाही," त्या म्हणाल्या. पुन्हा एक खोटं.

तो वरण ओरपत होता. बोटांवर भाजल्याचे जुने डाग. आपल्याला या हातांची लाज वाटली, आणि आता त्यांच्याकडे बघायचीच लाज वाटतेय. सकाळी लवकर पूजा उठवली तर दुपारपर्यंत मुठी होतील. पण त्यासाठी गोपीनाथांना सांगावं लागेल, की मी खोटं बोलले. ते मंडळात बोलतील. मृणालिनीबाईंच्या कानावरही जाईल.

"सुश्रुत, ते आले होते," बाई म्हणाल्या. "मीच परत पाठवलं."

तो काही विचारणार, त्याआधी त्यांनी मोबाइल उचलला आणि गोपीनाथांचा नंबर शोधायला लागल्या.