एका भिंतीवरचे दोन पट्टे

लोकांची घरं रंगवण्यात हयात गेलेल्या या माणसाला सगळे पारखीकाका म्हणत. कुठल्याही दोन छटा पुढे ठेवा, काका एका नजरेत फरक सांगणार. घरच्या भिंती मात्र पोपडे धरून बसलेल्या. दिव्याखाली अंधार, दुसरं काय! "आपला नंबर कधी?" हा काकूंचा प्रश्न भिंतींनाही पाठ झाला होता.

शेवटी झोपायच्या खोलीला मुहूर्त लागला. काकूंना शांत रंग हवा होता, म्हणून दुकानातून छटांचे दोन कागद आले: एक हिरवट राखाडी, दुसरा राखाडी हिरवट. काका ते घेऊन खिडकीशी गेले, दाराशी गेले, दिव्याखाली आले. दोन्ही सारखेच दिसत होते. गेले काही महिने सगळ्या जगावर धुकं उतरलं होतं. हे बाहेर फुटलं तर कामाला कोण बोलावणार?

"कागदावर काय कळतंय? भिंतीवर पट्टे ओढून बघू," म्हणत त्यांनी वेळ मारून नेली.

सकाळी काका एक काळा आणि एक तपकिरी मोजा घालून निघाले. काकूंनी ते पाहिलं. संध्याकाळी काका परतले, तर भिंतीवर काकूंनी ओढलेले दोन पट्टे तयार.

"सांगा, कुठला घेऊ?"

काकांनी मान तिरकी केली, एक डोळा मिटला आणि ठोकून दिलं, "डावा हिरव्याकडे झुकतोय. उजवा थंड आहे. उजवाच घे."

"बरं," काकू म्हणाल्या. ना वाद, ना टोमणा. काकांना हायसं वाटलं.

मग "माझे डोळे दाखवायचेत, सोबत चला" म्हणून काकूंनी त्यांना डॉक्टरांकडे नेलं, आणि "आलाच आहात तर तुमचेही बघू द्या" म्हणत खुर्चीत बसवलं. मोतीबिंदू निघाला. यथावकाश दोन्ही डोळ्यांची शस्त्रक्रिया झाली.

नंतर एका सकाळी काका भिंतीसमोर उभे राहिले. जवळून बघितलं, लांबून बघितलं.

"अगं, हे दोन्ही एकच आहेत!"

"एकाच डब्यातले," काकू म्हणाल्या.

काका मटकन पलंगावर बसले. "म्हणजे तुला तेव्हाच कळलं? मग बोलली का नाहीस?"

"तुमचं तोंड उतरलेलं बघवलं नसतं मला. आता दुसरा डबा आणते. खरं काय ते सांगा, खोली रंगवायचीय."

डोळ्यांत पाणी जाऊ द्यायचं नाही, असं डॉक्टरांनी काकांना बजावलं होतं. पण ते आतूनच आलं तर काय करायचं, हे काही सांगितलं नव्हतं.